सर फळ्याशी बोलतात

कांड्यांच्या कोपऱ्यातून हौसानं मला सांगितलं, "दारात मास्तर आल्यात. तोंड काय बरं दिसंना त्यांचं."

सांगितलं म्हणजे नुसते ओठ हलवले. आवाज काढून उपयोगच नव्हता. एका पत्र्याखाली इतके माग खडखडत असले की शेजारच्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही. आमच्या इचलकरंजीत मागावर लागलेला माणूस आधी तुटलेलं सूत जोडायला शिकतो आणि मग ओठ वाचायला. एकदा ती सवय लागली की तो घरीदारी, लग्नात, मयतीत, कुठंही समोरच्याच्या तोंडाकडंच बघत बोलतो, आणि बोलतो ते ओरडूनच. पाहुणे म्हणायचे, तुमच्या गल्लीत सारखी भांडणं चाललेली असतात काय हो?

हौसा माझी बायको. ती कांड्या भरायची. मागावर आडवं सूत ओढणाऱ्या धोट्यात सुताची जी नळी बसवतात तिला कांडी म्हणतात. मी माग चालवायचो. ती त्या टोकाला, मी या टोकाला. दिवसभर आमचा संसार तेवढ्या अंतरावरून चालायचा. भाजी काय आणायची, कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाशी बोलायचं नाही, सगळं ओठांनी ठरायचं. ती गेली त्याला आता वर्ष होईल. तिचं काही सांगायचं म्हटलं की मला आधी हेच आठवतं.

मी माग माझ्यासोबत काम करणाऱ्या सदाच्या नजरेवर सोडला आणि बाहेर आलो. हौसा माझ्या आधीच पोचली होती. सायकल धरून मगदूम सर उभे होते. आमची वैजू त्या जूनमध्ये पाचवीला मोठ्या शाळेत गेली होती, तिचे ते वर्गशिक्षक. पँटचा एक पाय चेनीच्या ग्रीसनं काळा झालेला.

"वैजयंता मल्हारी दिवटे तुमचीच ना?" सर म्हणाले.

"व्हय."

"शाळा सुरू झाल्यापासून ती वर्गात आलेली नाही. रोज गैरहजर. नाव कमी करायची वेळ आली, म्हणून म्हटलं आधी घरी विचारावं."

हौसा म्हणाली, "असं कसं हुईल सर? रोज डबा घिऊन जातीया. मी सोता येणी घालून धाडतोय तिला."

"डबा घेऊन कुठं जाते ते मी कसं सांगू? मी हजेरी घेतो. ती ओ देत नाही. शनिवारपर्यंत काय ते बघा. नाहीतर हेडमास्तर दाखला हातात देतील."

सर गेले. आम्ही दोघं तिथंच उभे. बारा वर्षांची सुद्धा नाही पोर, रोज जाते कुठं?

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा माझी थोरली बहीण ताराक्का भाकरी थापत होती. नवरा वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली होती. तिच्यापासून काही लपायचं नाही. तिनं सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी तशीच ठेवून वैजूला पुढ्यात ओढलं.

"कुठं जातीस गं सटवे? खरं सांग."

"शाळंत, आत्ती."

"शाळंत? मग सर काय येडं हाईत व्हय? तुजं नाव घेत्यात, तू ओ देत न्हाईस!"

वैजू ताराक्काच्या तोंडाकडं बघत होती. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "आबा, सर माजं नाव घेतच न्हाईत. पोरी मदीच उठत्यात, बसत्यात. मी बसून असती. मला वाटलं मोठ्या शाळंत असंच असतंय."

"असंच म्हंजे कसं?" मी विचारलं.

"तितं सर फळ्यासंगं बोलत्यात. आमच्यासंगं बोलतच न्हाईत."

"ऐकलंस?" ताराक्का मला म्हणाली. "फळ्यासंगं बोलत्यात म्हनं! जीभ बग किती लांब झालीया. मल्हारी, मी सांगतो ते ऐक. पोरीची जात हाय. आज शाळा चुकवतीया, उद्या गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवणार न्हाई. तिच्या आईसंगं कांडीला बसीव. नजरंसमोर तरी ऱ्हाईल."

मला ते पटत होतं. खोटं कशाला सांगू? गल्लीतल्या निम्म्या पोरी त्या वयात कांडीला बसत होत्या. पण हौसा चुलीपाशी येऊन बसली आणि तव्यावरची करपणारी भाकरी उलटत म्हणाली, "वन्सं, माजी पोर खोटं बोलत न्हाई. ती शाळंत जातो म्हणती, म्हंजे जाती. आनि कांडीला मी बसलोय तेवढं फुरं. आमच्या घरातनं दुसरी बसणार न्हाई."

"मग मास्तर खोटं बोलत्यात?"

"ते बी न्हाई."

"दोगं खरं कसं हुतील गं?"

"तेच बगायचं," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वैजूची वेणी घालून तिला पाठवलं आणि हौसा पदर खोचून तिच्या मागोमाग गेली. मी कामावर आलो, पण लक्ष सगळं दाराकडं. एका मागाचा ताणा तुटला तरी मला कळलं नाही. सदा हातवारे करून शिव्या घालत होता.

बऱ्याच वेळानं हौसा आली. कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर बसायच्या आधीच तिनं मला लांबून सांगितलं, "पोरगी वर्गातच हाय."

"काय?" मी ओठांनीच विचारलं.

"शेवटच्या बाकावर. उंच हाय म्हणून मागं बसीवलीया. मी खिडकीतनं बगितलं. सरांनी मान खाली घालून नावं वाचली. तिचं बी वाचलं. मला खिडकीत ऐकू आलं, तिनं ओ दिली न्हाई. नुसती पुढच्या पोरीच्या वेणीकडं बगत बसली."

"मग सरांस्नी सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. तास संपल्यावर धरलं. सर म्हणलं, कमाल आहे, वर्गात बसून ओ न देणारी पोर मी पहिल्यांदा बघतोय. हट्टी हाय म्हणलं. घरी समजवा, शनिवारपतुर."

माझा राग एकदम उसळून आला. एवढे दिवस पोरगी कुठं जाते म्हणून जीव टांगणीला, आणि ही वर्गात बसून मुकाट्यानं गंमत बघते? मी म्हणालो, "संध्याकाळी बगतो तिच्याकडं."

हौसानं मान हलवली. "काय बगू नका. काय तरी येगळंच हाय. मला उमगंना अजून."

वैजू शाळेतून सुटली की खात्यात, म्हणजे आमच्या मागांच्या शेडमध्ये, यायची. अंगणात बसून रिकाम्या कांड्या निवडायची, तुटलेल्या एकीकडं, चांगल्या एकीकडं. त्या दिवशीही आली. दाराबाहेर आमच्याकडं पाठ करून बसली.

ऊन उतरायला लागलं होतं. सदा मला लांबून त्याच्या घरची कथा सांगत होता. मला ओठ नीट दिसेनात म्हणून तो ओरडतही होता, आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एका दमात थांबले. पण सदाला थांबायला वेळ लागला. त्या शांततेत त्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. "सासूनं मुक्काम ठोकलाय लेका, जाता जाईना! रोज मटान मागतीया!"

बाहेरच्या कट्ट्यावर सदाची सासूच शेवया वाळवत बसली होती. "आरं मुडद्या!" ती ओरडली. "मटान मागतो व्हय मी? आनलंस का कवा?"

सगळं खातं हसायला लागलं. मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर हसून हसून खाली बसला. कट्ट्यावरच्या बायका हसल्या. अंगणातली बारकी पोरं, काही न समजताच, हसली.

वैजू हसली नाही. तिनं मान वर करूनही बघितलं नाही. एक कांडी उचलली, डोळ्यांजवळ धरली, टाकली. दुसरी उचलली.

हौसा कांड्यांच्या कोपऱ्यात उभी राहिली होती. हसता हसता ती मधेच थांबली हे मी बघितलं. तिनं माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. मग दारात येऊन पोरीच्या पाठीमागं उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "वैजू."

काही नाही.

"वैजू, शेव आणलीया तुला."

आमची वैजू शेवेसाठी झोपेतून उठून बसणारी पोर. ती हलली नाही. खातं गप झालं होतं. हौसा आणखी एक पाऊल पुढं सरकली, तिची सावली पोरीवर पडू नये म्हणून बाजूनं. "वैजू! तुला बाजारची शेव आणलीया, खाणार?"

वैजूनं एक तुटकी कांडी बाजूला टाकली.

मग हौसा वळसा घालून तिच्या समोर गेली. उकिडवी बसली. घशातून एवढासाही आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तिनं विचारलं, "शेव खाणार?"

"कुठाय?" वैजू म्हणाली. केवढ्यानं म्हणाली.

हौसा तिथंच मातीत बसली. तिनं वैजूचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ धरून ठेवलं. वैजूला काही कळेना. ती विचारत राहिली, "आई, कुठाय शेव?"

लहानपणी गोवर निघाला होता, त्यानंतर तिचे कान वाहायचे. लसणाचं तेल कोमट करून घालायचो. वाहायचं थांबलं तसं आम्ही विसरलो. घरात आम्ही सगळे ओरडून बोलणार, तोंडाकडं बघून बोलणार. चौथीपर्यंतची शाळा गल्लीतलीच, दोन्ही बाजूंना माग. तिथल्या बाई पोरांकडं तोंड करून, टेबलावर छडी आपटून, घसा ताणून शिकवायच्या. बहिरी पोर आमच्यात कुणाला कळणार? आमच्यात सगळेच बहिरे.

त्या संध्याकाळी ताराक्काला सगळं सांगितलं. भाकरीच्या पिठात तिचे हात तसेच राहिले. मग म्हणाली, "मी तिला सटवी म्हणलो गं."

"तिला ऐकू आलं असंल, तुमच्या तोंडाकडं बगत हुती," हौसा म्हणाली, आणि दोघी हसल्या आणि दोघींनी डोळे पुसले.

मला वेगळीच धास्ती लागली होती. मी म्हणालो, "सरांस्नी ह्यातलं काय सांगू नगंस. आता हट्टी म्हणत्यात, मग अधू म्हणतील. अधू पोरगी कोण ठेवून घेतंय त्या शाळंत? सरळ दाखला देतील. तिला सांगू, पुढची पोरगी उठून बसली की हात वर कर म्हणून."

"आनि मग?" हौसा म्हणाली. "हात वर करंल. हजेरी लागंल. पुढं काय? सर फळ्यासंगं बोलणार, ही वेणीकडं बगणार. म्हंजे शाळंत असून बी नसल्यासारखीच की."

"मग काय सांगणार हाईस त्यांस्नी? पोरगी बहिरी हाय म्हणून?"

"शाळंत जाऊन सांगितलं तर बहिरीच दिसंल," हौसा म्हणाली. "शाळंत न्हाई सांगायचं. त्यांस्नी हितं बोलवायचं. खात्यात. माग चालू असताना."

"कशाला?"

"हजेरी घ्यायला."

तिनं सरांना काय सांगून आणलं मला माहीत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते खरंच आले. सायकल भिंतीला लावली आणि आत आले. आत पाऊल टाकल्याबरोबर त्यांचा चेहरा आक्रसला. पहिल्यांदा खात्यात येणाऱ्या माणसाचं असंच होतं, आवाज छातीवर बसतो. ते हौसाला काहीतरी म्हणाले. मग ओरडून म्हणाले. मग दोन्ही हात कानांवर ठेवून मान हलवली. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही हे कळल्यावर माणूस कसा घाबरा होतो ते मी सरांच्या तोंडावर बघितलं.

वैजू शाळेच्या कपड्यांतच होती. हौसानं तिला सरांच्या शेजारी उभं केलं आणि आपण कोपऱ्यातल्या जागेवर जाऊन बसली.

पलीकडच्या टोकाहून सदानं सरांकडं बघून ओठ हलवले. सरांना नुसतं तोंड हलताना दिसलं. त्यांनी वैजूकडं बघितलं. वैजूनं टाचा उंचावल्या आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ठणकावलं. मी जवळच होतो, मला ओठांवरून कळलं.

"सर, सदाकाका म्हंत्यात, तुमची प्यांट सायकलीच्या चेनीनं काळी झालीया! रॉकेलनं निघतंय!"

सरांनी खाली बघितलं. पाय मागं घेतला. मग हसले. सदानं पुन्हा काही म्हटलं. वैजूनं पुन्हा टाचा उंचावल्या.

"त्यांच्या सासूला इचारा म्हंत्यात, ती काढून दील!"

मग जॉबर बोलला, मग आणखी कुणी. दारापासचा, खिडकीपासचा. सर एकेकाकडं वळून बघत होते, त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि शेजारी उभी राहून ही पोर एकेक शब्द त्यांना आणून देत होती. चेहऱ्यावर काय तेज होतं तिच्या! शाळा सुरू झाल्यापासून मी तिला इतकं बोलताना बघितलं नव्हतं.

शेवटी हौसानं हात वर केला. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती वैजूकडं बघून बोलायला लागली, सावकाश. मला ते सगळं वाचता येत होतं आणि वाचवत नव्हतं.

वैजू सरांच्या कानाशी गेली. "सर, आई म्हंती, माज्या पोरीला..."

ती थांबली. आईकडं बघितलं. हौसानं मान हलवली, सांग म्हणून. आणि तेच पुन्हा म्हटलं.

"सर, मला," वैजू म्हणाली, "मला पाठीमागनं ऐकू येत न्हाई."

माग चालूच होते. धोटे इकडून तिकडं धावत होते. वैजू तिथंच उभी, हे आपल्यालाच पहिल्यांदा कळल्यासारखी. कळलंच होतं पहिल्यांदा. मग तिनं पुन्हा आईकडं बघितलं आणि उरलेलं सांगितलं. "तोंड दिसलं की समदं ऐकू येतंय. येक बी शब्द सांडत न्हाई. आई म्हंती, तुमी आता बगितलंच."

मग सरांनी केलं ते मला अजून दिसतं. ते वाकले नाहीत, सरळ खाली बसले, पँटची पर्वा न करता, सुताच्या कचऱ्यात एक गुडघा टेकून. त्यांचं तोंड वैजूच्या तोंडासमोर आलं. आणि तो सुशिक्षित, खणखणीत आवाजाचा माणूस, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, "वैजयंता मल्हारी दिवटे."

"हजर सर!"

माग चालू असताना तो आवाज मला ऐकू आला. शप्पथ घेऊन सांगतो. सदा म्हणतो त्यालाही आला.

सोमवारपासून वैजू पहिल्या बाकावर बसायला लागली. उंच पोर पुढं, म्हणून मागच्या पोरी कुरकुरल्या, तर सरांनी तिला खिडकीच्या बाजूचा कोपरा दिला. फळ्यावर लिहून झालं की सर वळायचे आणि मग बोलायचे. जन्माची सवय, विसरायचे. मग सगळा वर्ग ओरडायचा, "सर, तोंड इकडं!" पोरांना तो खेळच झाला. हौसा आठवडाभर खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि खात्यात येऊन मला लांबून एकेक सांगत राहिली. आज सर दोनदा विसरलं. आज तिनं उत्तर दिलं, केवढ्यानं, शेजारच्या वर्गातनं बाई बगायला आल्या.

पुढं मिरजेला कान दाखवले, औषधं झाली, बऱ्याच वर्षांनी कानात मशीन आलं. दहावी झाली, त्याच्याही पुढं शिकली. सोपं काहीच नव्हतं, पण ते सगळं वेगळं. कांडीला आमच्या घरातनं दुसरी कुणी बसली नाही.

गेल्या वर्षी हौसा दवाखान्यात होती तेव्हा तिच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली होती. नर्सबाई आम्हाला म्हणाल्या, "पेशंटला बोलता येणार नाही. काही सांगायचं असेल तर खुणा करतील." मी आणि वैजूनं एकमेकांकडं बघितलं. आम्हा तिघांना खुणांची काय गरज होती? हौसा दिवसभर बोलत होती. गॅस बंद केलाय का, वैजूच्या पोराची परीक्षा कधी, शेजारच्या खाटेवरची बाई रात्री कशी घोरते. नर्सबाई बघत राहायच्या.

शेवटच्या दिवशी दुपारी वैजू खाटेपाशी मान खाली घालून बसली होती. तिला कुणाला रडताना दाखवायचं नव्हतं. हौसानं बोटानं खाटेची कड वाजवली. वैजूला काही ऐकू आलं नाही, मशीन काढून पर्समध्ये ठेवलं होतं. मग हौसानं तिच्या हनुवटीला हात लावला आणि तोंड वर केलं.

नळीच्या वर तिचे ओठ हलले. "शेव खाणार?"

"कुठाय?" वैजू म्हणाली.

सगळा वॉर्ड दचकला. नर्सबाई धावत आल्या, "अहो ताई, हळू, हळू!" आणि हौसा हसायला लागली. आवाज नव्हता, नुसतं हसणं. मागांच्या खडखडाटात, खात्याच्या त्या टोकाहून, तिचं हसणं मला आयुष्यभर असंच दिसत आलं होतं.